बारांतले सात

वडाळ्यात पोरगा कबड्डी खेळतो म्हटलं की घरचे पहिलं विचारतात, नोकरी लागेल का? त्यात चूक नाही. पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांनी इथल्या कित्येक खेळाडूंचे संसार उभे केले. मला मात्र नोकरी लागली ती खेळणं सुटल्यावर. मंडळाच्या पोरांना शिकवत होतो, तेवढ्यात राज्य सरकारच्या 5 टक्के खेळाडू आरक्षणातून लिपिकाच्या जागेसाठी निवड झाली. जुन्या क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी झाली आणि मी शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीत बसलो.

वाटलं होतं, माणसं सांभाळायची सवय आहे, जमेल. पण प्रशिक्षकाचं मुख्य काम निवडीचं. बारा जणांतले सात मैदानात, पाच बाहेर. का, ते मी कधी सांगत बसलो नाही. आज हा, उद्या तो. माझी नजर हेच कारण. खिडकीत ती नजर कामाची नाही. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर केशरी कार्ड, वर गेलं की पांढरं. समोरची बाई ओळखीची असो, मंडळाच्या पोराची आई असो, "साहेब, बघा ना जरा" म्हणाली तरी मला निवडायचं नसतं. रांगेत आलेला प्रत्येक जण माझ्याच संघातला. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यायचं.

जुलै 2024 मध्ये आयर्लंडमधले गेलिक फुटबॉलचे प्रशिक्षक जॉन ओमाहोनी वारले, तेव्हा त्यांच्याबद्दल वाचलं. गेलिक फुटबॉल हा तिथला मातीतला खेळ; हाताने, पायाने दोन्ही खेळायचा, एका बाजूला पंधरा जण. खेळाडूंना पगार नाही, जो तो आपल्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी खेळतो. ओमाहोनी मास्तर होते. त्यांनी लिट्रिमसारख्या छोट्या काउंटीला 1994 मध्ये प्रांताचं विजेतेपद मिळवून दिलं, ते 1927 नंतर पहिल्यांदा. 1966 पासून रिकाम्या हाताने परतणाऱ्या गॉलवेला 1998 आणि 2001 मध्ये अखिल आयर्लंड विजेता केलं. आणि 2007 मध्ये ते मेयोमधून खासदार झाले, तेही त्याच मेयोच्या संघाचे व्यवस्थापक असताना!

मला त्यांच्या करंडकांपेक्षा ही अडचण जवळची वाटली. ज्याला रविवारी संघाबाहेर बसवायचं, त्याचे आईबाप सोमवारी मतदार म्हणून दारात. एकाच गावात निवडणारा आणि सगळ्यांचा, असं दोन्ही व्हायचं कसं?

माझ्यापुरता मी एक मार्ग काढला. संध्याकाळी अजून शिकवतो, मानधन न घेता. संघ लावताना बाहेरच्या पाचही जणांना कार्यालयासारखं कारण वहीत लिहून दाखवतो. डाव्या कोपऱ्यावरच्या एकाला लिहिलं, 'चढाईपटू वळायच्या आधीच घोट्यावर झेप घेतोस.' त्याचे वडील तावातावाने आले, "सर, आमचाच पोरगा का?" वही पुढे केली. ते वाचून गप्प झाले नाहीत, म्हणाले, "मग हे सुधारलं की खेळवाल?" हो म्हणावं लागलं. पोराने झेप थांबवून धरायला शिकून घेतलं आणि मला त्याला आत घ्यावं लागलं, माझा आवडता कोपरारक्षक बाहेर बसवून. आवडत्याचंही कारण वहीत आहे. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण सरावाला सगळ्यांच्या आधी येतो.