मोटारीचें सारथ्य : पुणें ते जेजुरी

पुण्यांत मोटार हांकणाऱ्याची परीक्षा दोन ठिकाणीं होते. एक शहराच्या पोटांत, पेठांतील अरुंद रस्त्यांवर. आणि दुसरी शहराबाहेर, घाटांत. साताऱ्याकडे निघावें तर कात्रजचा घाट, मुंबईकडे बोर घाट आणि सासवडकडे दिवे घाट. हल्लीं घरोघरीं एक वाद ऐकूं येतो, कीं नवी मोटार घ्यावयाची ती हातानें गिअर बदलण्याची घ्यावी, कीं आपोआप गिअर बदलणारी? आमच्या मतें या वादाचा निवाडा विक्रेत्याच्या दुकानांत होणें शक्य नाहीं. तो या दोन ठिकाणींच व्हावयाचा.

गेल्या मार्गशीर्षांत कुलदैवताच्या दर्शनासाठीं आम्ही सहकुटुंब जेजुरीस गेलों. पुण्याहून जेजुरी सुमारें ५० किलोमीटर. मंडळी पुष्कळ असल्यामुळें मोटारी दोन निघाल्या : एक आमची जुनी, हातगिअरची, दुसरी सूनबाईंची नवी, ऑटोमॅटिक. जातांना आम्ही जुनी हांकली व येतांना नवी. त्या प्रवासांत जें अनुभवास आलें तें वाचकांपुढें ठेवितों.

सदाशिव पेठेंतून निघून स्वारगेटवरून हडपसर गांठीपर्यंत डाव्या पायास उसंत मिळाली नाहीं. क्लच दाबावा, पहिला गिअर घालावा, दुसऱ्याची वेळ येते न येते तोंच पुन्हां थांबावें. आमचा डावा गुडघा हल्लीं कुरकुरूं लागला आहे. त्यानें स्वारगेटच्या चौकांतच आपलें वय स्पष्ट सांगितलें. पुढच्या गाडींत सूनबाई स्वस्थपणें चालवीत होत्या. त्या रोज हिंजवडीस कामाला जातात. ज्यांना नित्य अशा गर्दींतून वाट काढावयाची आहे, त्यांच्यापुढें गिअरच्या सुखाचें वर्णन करणें म्हणजे उपाशी माणसास उपवासाचें माहात्म्य सांगणेंच होय.

तथापि ऑटोमॅटिक मोटारींतही गिअर बहुधा असतातच. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर जो स्वस्त प्रकार आपल्याकडे आला, त्यांत गिअरची पेटी तीच आणि क्लचही तोच. तो दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम मात्र माणसाऐवजीं यंत्र करतें. घाट लागेपर्यंत यांत कांहीं गमावलें असें वाटत नाहीं.

वडकी मागें पडली कीं दिवे घाट लागतो. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच घाटानें सासवडला जाते. त्या दिवशीं रथास नेहमींच्या बैलांखेरीज जादा बैलजोड्या जुंपतात. ज्यानें तें दृश्य पाहिलें, त्यास गिअरचें शास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. चढावर वेग नको, जोर हवा. खालच्या गिअरमध्यें चाक एकदां फिरण्यासाठीं इंजिन अधिक वेळां फिरतें. वेग घटतो व जोर वाढतो. जणूं आपण जादा जोडीच जुंपतों.

एका वळणाआधीं इंजिनाचा आवाज जड झाला. तो कानांनीं ऐकला, तळपायास जाणवला, आणि हात दांड्याकडे गेला. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्यें येतांच गाडीनें मोकळा श्वास घेतला. सारथ्याचें सुख तें हेंच. वनपर्वांतील नलोपाख्यानांत बाहुकाच्या रूपांतील नल ऋतुपर्णाचा रथ घेऊन विदर्भास येतो, तेव्हां त्यास पाहण्यापूर्वीं नुसत्या रथघोषावरून दमयंतीच्या मनांत येतें कीं हा नलच असावा. हांकणाऱ्याचा हात रथाच्या आवाजांत उतरतो तो असा. आमच्या घरींही जुनी गाडी कोण आणीत आहे, हें मंडळी गल्लींतल्या आवाजावरून सांगतात. नवीबद्दल तें कोणास सांगतां येत नाहीं.

घाटमाथ्यावरून मस्तानी तलाव पाहिला, सासवड मागें टाकलें, आणि जेजुरीस पोहोंचून गड चढलों. दर्शन झालें, भंडारा उधळला, तळी भरली, आणि उन्हें उतरण्याच्या सुमारास परत निघालों.

येतांना आम्ही नव्या गाडीवर बसलों, शेजारीं सूनबाई. घाटाच्या उताराला लागतांच गाडी आपणहून वेग घेऊं लागली. अशा वेळीं ब्रेक सतत दाबून धरल्यास तो तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम त्यासाठींच आहे. खालच्या गिअरमध्यें इंजिनच गाडीस आवरून धरतें. इंधन वाचविण्याच्या लोभानें उतारावर न्यूट्रल करणारे हा आधारच तोडून टाकतात. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांच्या चालकांना याबद्दल वारंवार बजावावें लागलें आहे.

आम्ही दुसऱ्या गिअरची आठवण काढतांच सूनबाई म्हणाल्या, “बाबा, दांडा बाजूला घ्या; तेथें हातानेंही गिअर देतां येतो.” तसें करून दुसरा गिअर धरला आणि गाडी शहाण्यासारखी उतरूं लागली. सूनबाईंना हें चटकन् सुचलें, कारण त्या प्रथम हातगिअरच्या गाडीवर शिकल्या. ज्या पिढीनें क्लच कधीं दाबलाच नाहीं, तिला ऐन उतारावर त्या दांड्याची आठवण कशी व्हावी?

हा प्रश्न दूरचा नाहीं. १९७२ सालीं आलेल्या बजाजच्या चेतक स्कूटरला डाव्या मुठींतच क्लच व गिअर असत. पुण्यांतील किती घरांचे संसार तिनें वाहिले! २०२० सालीं त्याच नांवाची विजेवर चालणारी स्कूटर पुण्यांत विकली जाऊं लागली. तिला क्लचही नाहीं, बदलावयाचे गिअरही नाहींत. मोटारीही त्याच वाटेनें जाणार, हें उघड आहे.

आम्हीं घरीं असें ठरविलें आहे कीं नातीला १८ वर्षें पूर्ण झालीं म्हणजे तिनें प्रथम जुन्या गाडीवर शिकावें, हात बसल्यावर दिवे घाट एकदां चढून उतरावा, आणि मग रोजच्या गर्दीसाठीं खुशाल ऑटोमॅटिक वापरावी. त्यास अद्याप दोन वर्षें आहेत. तोंवर आमच्या गुडघ्यानें साथ द्यावी, एवढेंच मागणें आम्हीं खंडेरायापुढें मागितलें आहे.