फोटोतला न दिसणारा पत्ता

मागच्या वीकेंडला गिरडला जाऊन आलो. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आणि आसपास सुपारी-जायफळासारखे गोल दगड. व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. (झिओलाइटचे गोळे आहेत म्हणे, पण गोष्ट जास्त छान आहे!)

काकांचं शेत जंगलाला लागून. सकाळी धुऱ्यावर वाघाचा पगमार्क दिसला.. अगदी ताजा! लगेच फोटो काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर क्वालिटी जाते म्हणून ओरिजिनल फाइलच 'डॉक्युमेंट' म्हणून ग्रुपवर टाकली. ग्रुपमधले निम्मे लोक मला माहीतही नाहीत.

दुपारी सहज त्या फोटोचे डिटेल्स उघडले आणि चरकलो. तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि खाली नकाशावर टाचणी. थेट काकांच्या धुऱ्यावर! साधा फोटो म्हणून पाठवला असता तर व्हॉट्सअ‍ॅपने ही माहिती गाळली असती. डॉक्युमेंट मात्र जसंच्या तसं जातं, ईमेलचंही तेच. आणि मी म्हणे इंजिनिअर!

या माहितीला एक्झिफ म्हणतात. २०१२ साली अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपत फिरत होता. त्याच्यासोबतच्या पत्रकारांनी त्याचा फोटो नेटवर टाकला आणि फोटोतल्या जीपीएसवरून तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं.

वाघाच्या पत्त्यालाही गिऱ्हाईक असतं बरं का. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची जीपीएस माहिती ज्या ईमेलवर यायची, ते खातं उघडायचा कुणीतरी प्रयत्न केला होता. सर्व्हरने अडवला म्हणून बरं. प्रयत्न झाला होता कुठून? आपल्या पुण्यातून!

फाइल लगेच 'डिलीट फॉर एव्हरीवन' केली. काकांनी विचारलं, "काहून मिटवला बे?"

"काका, त्यात तुमच्या वावराचा पत्ता होता. वाघाचा पण."

"मंग बरं केलं. उद्या इथं गाड्यायची रांग लागली असती. अन् गाडीवालेच येतीन असं थोडी हाय.."

काका पुढचं बोलले नाहीत.

आता कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद केलंय. तुम्हीही एकदा बघून घ्या. वाघाचा नसला तरी घराचा, पोरांच्या शाळेचा फोटो तर आपण सगळेच पाठवतो.

माझी फाइल ग्रुपवर तीन तास होती. तेवढ्यात कुणी कुणी उतरवून घेतली, ते मात्र कळायला मार्ग नाही.