बिबट्याच्या मुलखात दोन दिवस

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगाव लागते. कोंढव्यातली आम्ही दोन कुटुंबे शिवनेरी पाहायला निघालो होतो. मुक्काम नारायणगावजवळ खालाजानच्या शेतावर होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. धरणांच्या पाण्यावर हा भाग हिरवा झाला आणि त्याच उसात बिबट्याने घर केले. तिथे त्याला लपायला दाट जागा मिळते, पाणी मिळते आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्याही मिळतात. मादी उसातच पिले देते. तोडणीच्या वेळी ती मजुरांना सापडतात.

मगरिबनंतर खालूजानने मुलांना अंगणातून आत बोलावले. अंधारात मुलांना एकटे सोडायचे नाही, शेळ्या बंद गोठ्यात ठेवायच्या, बाहेर जायचे तर हातात बॅटरी घेऊन आणि मोठ्याने बोलत जायचे, हा त्या घराचा रोजचा नियम आहे.

जेवताना आमच्यातल्या एका मुलाने विचारले, "अमेरिकेत प्यूमाच्या मागे कुत्री सोडतात. ती त्याला झाडावर चढवतात, मग शिकारी गोळी घालतो. इथे तसे का करत नाहीत?"

खालूजान हसले. "बेटा, तिथे कुत्री त्याच्या मागे लागतात. इथे तोच कुत्र्यांच्या मागे लागतो!"

ते खरेच आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याच्या शिकारीला बंदी आहे. सूरह माइदात शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार हलाल सांगितली आहे, पण ती खाण्यासाठीची शिकार. सुळ्यांनी फाडणारे हिंस्र जनावर खाणे तर आपल्याला मनाच आहे.

"मग पकडून लांब सोडा," मुलगा म्हणाला. तेही करून झाले आहे. २००१ नंतर जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले गेले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले. आता अडकलेल्या, जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे.

पण ज्या घरातले मूल गेले, त्या घराला हे आकडे काय सांगणार? नोव्हेंबर २०२५मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांचे बळी गेल्यावर वन विभागाने एका बिबट्याला गोळी घातली. खालाजान म्हणाली, "जनावराचा राग येत नाही गं, भीती वाटते. पोरं शाळेतून घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो."

ही गोष्ट आता खेड्यांपुरती राहिलेली नाही. २०२५मध्ये पुण्याच्या विमानतळाच्या आवारातही बिबट्या दिसला. आमचा कोंढवा कात्रजच्या डोंगरांपासून फार लांब नाही. मटणाच्या दुकानांमागे आणि बकरी ईदला गल्लीच्या कोपऱ्यावर पडणाऱ्या आतड्यांवर कुत्र्यांची टोळी पोसली जाते, आणि अशा टोळीच्या मागावर बिबट्या येऊ शकतो. सफाई हा ईमानाचा भाग आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. येत्या ईदला कुर्बानीचा कचरा पिशवीत बांधून त्याच दिवशी महापालिकेच्या गाडीत टाकायचा, एवढे तर आपल्या हातात आहे.