टोंगर्लोचा मठ

चिरंजीवांकडे बेल्जममध्यें गेलों असतां टोंगर्लो येथील मठ पाहण्याचा योग आला. दुतर्फा जुन्या लिंडन वृक्षांची रांग, आंत शुभ्रवस्त्र यतींचें बाराव्या शतकापासूनचें स्थान. परंतु मन गुंतलें तें १९४७ सालच्या वृत्तांतांत.

त्या वर्षीं येथील फादर वेरेनफ्रीड यांनीं पूर्वेकडून हांकलून दिलेल्या लक्षावधि जर्मन निर्वासितांसाठीं झोळी पसरली. तीही फ्लेमिश शेतकऱ्यांपुढें! १९१४ व १९४० असें दोनदां ज्यांचा देश जर्मन सैन्यानें तुडविला, तेच हे लोक. हातीं पैसा नव्हता, म्हणून गृहिणींनीं घरचें खारविलेलें डुकराचें मांस दिलें. पाठीवर पिशवी घेऊन विखुरलेल्या निर्वासितांमागें पायीं हिंडणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंना पुढें मोटारसायकली व मोटारी मिळाल्या, त्याही अशाच दानांतून. ते धर्मगुरुही बहुधा निर्वासितच.

आम्हां शाकाहारी जनांस ती दानवस्तु रुचणार नाहीं; पण येथें वस्तु न पाहतां देणारा हात पाहावा. अतिथीस अन्न द्यावें, हें मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. शत्रूच्या लेकरांस ताट वाढण्याचा प्रसंग मात्र मजवर कधीं आला नाहीं. आला असता, तर माझा हात पुढें झाला असता काय? परततांना त्या वृक्षांखालीं हाच प्रश्न सोबतीस होता.