दिवाणाखालचे डबे

आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये दिवाणाखाली चार पत्र्याचे डबे आहेत. एकात हुलगे, एकात मटकी, तिसऱ्यात सांडगे आणि चौथ्यात हरभऱ्याचा वाळवलेला पाला. डबे सासूबाईंचे. दर मे महिन्यात गावाहून येताना त्या भरून आणतात. केर काढताना झाडू त्यांना अडला, की पूर्वी माझ्या कपाळाला आठी पडायची. कोपऱ्यावर वाण्याचं दुकान असताना हा पसारा कशाला, असं तुम्हीही म्हणाल. मी तर सासूबाईंच्या तोंडावर म्हटलं होतं! बी. ए. झालेली, अर्धवेळ का होईना, शाळेत भूगोल शिकवणारी मी. 'पर्जन्यछाये'ची व्याख्या मला तोंडपाठ. त्या छायेत चूल कशी पेटती ठेवायची, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

माझं सासर माणदेशातलं. सह्याद्री ढगांना अडवतो आणि आमच्याकडे येतो तो उरलासुरला पाऊस. तोही लहरी. जूनमध्ये शिंतोडे, मग महिना महिना ओढ, आणि सप्टेंबरात एकदम धो धो. तेव्हा तिथं बाजरी कधी एकटी पेरत नाहीत. तिच्या ओळींमधून तूर, मटकी, हुलगा. पाऊस मध्येच गेला तर बाजरी करपते, पण हुलगा तग धरतो. तुरीची मुळं खोल, ती मागाहून आलेल्या पावसावरही उभी राहते. परतीचा पाऊस काळ्या रानात मुरला, की नुसत्या त्या ओलीवर शाळू येतो. त्याच्या कडेनं करडई. ती काटेरी, म्हणून गुरं आत शिरत नाहीत, आणि घरचं तेलही होतं. दाणे माणसांना, कडबा जनावरांना. पुढच्या साली लागणारं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, ते वेगळंच.

हे सगळं मला आता कळतं. 2017 साली आम्ही दोघांनी हट्ट धरला, की सगळ्या रानात डाळिंब लावायचं. शेततळं, ठिबक, बँकेचं कर्ज, सगळं जमवलं. धाकटे दीर तयार झाले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाऊस म्हंजे पावना गं. आला तर आला. त्येच्या भरवशावर चूल मांडत्यात व्हय?" आणि एक एकर त्यांनी काही केल्या दिला नाही. मी मनात म्हटलं, काय हा अडाणीपणा!

2019च्या ऑक्टोबरअखेरीस पाऊस थांबेचना. तोडणीला आलेली फळं तडकली, उरलेल्यांवर तेल्या पडला. बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. पण त्याच पावसानं सासूबाईंच्या एकराला ओल दिली. वाफसा येताच त्यांनी शाळू पेरून घेतला. उशीर झाला होता, दाणे बेताचेच आले. तरी वर्षभर गावच्या घरी भाकरी त्याची झाली आणि गाय विकावी लागली नाही. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जुन्या रीतीनं सगळं भागतं असं मात्र समजू नका हं. 1972च्या दुष्काळात सासूबाई दहा वर्षांच्या होत्या. लागोपाठ साली पिकं गेली होती, कणगी रिकामी. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि या झाडाखाली धाकट्या भावाला घेऊन बसायच्या. सुकडी मिळायची, तांबडा मिलो मिळायचा. त्या आधी, एका रात्री, आईनं बियाणाचं मडकं उघडलं. राख झटकून ते बी दळलं आणि त्याच्या भाकरी केल्या. "आय भाकरी थापताना रडत हुती," एवढंच सासूबाईंनी सांगितलं, तेही एकदाच, वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता. मी वर बघितलं नाही.

हल्ली वळवाचाही नेम राहिलेला नाही. या मे महिन्यात गच्चीवर सांडगे घातले होते आणि भर दुपारी आभाळ भरून आलं. मी आणि शेजारच्या काकू चादरीची चार टोकं धरून जिन्याकडे पळालो. निम्मे वाचले. हुलग्याचं माडगं मुलांनाही आवडायला लागलंय. लसूण आणि जिरं मात्र सढळ हातानं घाला.

परवा बाजारातून पाचवा डबा आणला. त्यात काय भरायचं म्हणून सासूबाईंना विचारलं. त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि म्हणाल्या, "आदी उनात ठेव त्येला."