ऐकणाऱ्याला काय विचारावं

बीड जिल्ह्यातल्या धारूरमध्ये कच्चं गाणं ऐकवण्याचा हंगाम ठरलेला आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमांची लगबग वाढते, आगाऊ उचल घेतलेल्या कोयत्यांची, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यांची, मोजदाद सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. मी गाणी करतो ती यांच्यासाठी. त्यामुळे चाली आषाढ-श्रावणात बांधायच्या, भाद्रपदात कच्चं ध्वनिमुद्रण उभं करायचं आणि गाड्या निघायच्या आत ते त्यांच्या कानावर घालायचं, असा माझा क्रम बसला आहे. मुंबई-पुण्याच्या म्युझिक लेबलला फाइल जाते ती त्यानंतर.

हा क्रम उलटा करून चालत नाही. लेबलकडून होकार येतो, नकार येतो किंवा काहीच येत नाही. गाणं कुठे ढिलं पडलं हे सांगणं त्यांचं काम नाही. तिथे बसलेल्या माणसापुढे रोज नवी गाणी येऊन पडतात. तो सुरुवातीची ओळ, मुखडा आणि आवाज ऐकून ठरवतो. गाणं दुरुस्त करायची वेळ त्याआधीची असते, आणि तेव्हा उपयोगी पडतो तो जवळचा ऐकणारा. मात्र त्याला विचारायचं कसं, हे आपल्याला शिकावं लागतं.

‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर आहे: ‘छान झालंय.’ घरी बोलावून चहा पाजणाऱ्या माणसाच्या तोंडावर कोण वाईट बोलेल? त्या ‘छान’मध्ये माया असते, माहिती नसते. म्हणून मी मत विचारत नाही, काय घडलं ते विचारतो. कुठली ओळ तोंडात राहिली? कुठे मन दुसरीकडे गेलं? कुठला शब्द नीट कळला नाही? मत विचारलं की माणूस परीक्षक होऊन बसतो आणि शब्द जपून वापरतो. घडलेलं विचारलं की तो मोकळेपणाने सांगतो, कारण त्यात कुणाला नावं ठेवायची नसतात. ‘दुसऱ्या कडव्याला मी मोबाइल बघायला लागलो,’ असं एखादा पोरगा सहज बोलून जातो. त्या वाक्यावर मला आठवडाभर काम करता येतं.

त्याहून चांगलं म्हणजे विचारूच नये. पंगतीच्या तयारीला लोक जमले असले की मी पुतण्याच्या फोनवर आठ-दहा गाणी लावून देतो. त्यात प्रल्हाद शिंदे असतात, आनंद शिंदे असतात, आणि मधेच कुठेतरी माझं नवं गाणं असतं. गाणं माझं आहे हे कुणाला सांगायचं नाही. ज्या कानांवर प्रल्हाद शिंदेंच्या आवाजाचा संस्कार आहे त्यांच्यापुढे गाणं असं उभं करणं म्हणजे खरी कसोटी. बोलणं चालू राहिलं, हात चालू राहिले, तर गाणं नुसतं वाजून गेलं. कुणी मान वर करून ‘हे कुणाचं?’ म्हणालं तर ते कुठल्या ओळीला म्हणालं, तेवढं मी टिपून ठेवतो.

नाव झाकून ऐकण्याची रीत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आणली ती आकाशवाणीने. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी स्वरपरीक्षा सुरू झाल्या. पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांचा त्या कामात मोठा वाटा होता. गाणारा दिसणार नाही अशा ठिकाणी बसून परीक्षक ऐकत. नावाजलेल्या कलावंतांनाही परीक्षेला बसवलं गेलं, म्हणून पुष्कळ विरोध झाला, आणि अनेकांना तो अपमान वाटणं मला समजतं. तरीही गाणाऱ्याचं नाव, घराणं आणि वय बाजूला ठेवून फक्त आवाज ऐकायचा, हा विचार मला मोलाचा वाटतो. त्या पद्धतीत मला उणीव दिसते ती एकच. श्रेणी मिळाल्याने आपण कुठे आहोत ते कळतं, पण गाण्यात काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून नाव झाकणं मी आकाशवाणीकडून घेतलं, आणि कारण शोधायला मात्र वेगवेगळ्या माणसांकडे जातो.

आवाजाचं कारण सांगतो ट्रॅक्टरवाला. धारूरहून तेलगावकडे उतरणाऱ्या घाटात ट्रॅक्टर लहान गिअरमध्ये चालतो आणि इंजिनाची घरघर गाण्याचा सगळा खालचा भाग झाकून टाकते. ढोलकीचा घुमारा त्यात बुडतो, पुरुषी आवाजातला खर्ज बुडतो, आणि हलगीच्या बारीक काडीचा कडकडाट तेवढा वर राहतो. स्टुडिओत हलगी शेकून ताणलेली असते, माइक जवळ असतो, त्यामुळे ती तिथे छान वाटते; घाटात तीच शब्दांच्या अंगावर येते. चालक म्हणतो, ‘हलगी ऐकू येते, बाई काय म्हणते ते कळंना.’ मिक्स करणाऱ्याला यापेक्षा नेमकी सूचना मिळणार नाही. ज्या पट्टीत शब्दांची व्यंजनं उमटतात, तिथे हलगी थोडी मागे घ्यायची असते. दुसरी कसोटी मोबाइलच्या स्पीकरची. त्याला साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही वाजवता येत नाही. गाण्याचा सगळा जोर खालच्या सुरांवर दिला असेल तर ऊसतोड्यांच्या कोपीत उशाला ठेवलेल्या फोनवर ते गाणं उघडं पडतं.

शब्दांचं कारण देवीच्या आराधी बाया सांगतात. नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीला आणि तुळजापूरला जाणाऱ्या या बायकांना मी गाणं ऐकवतो आणि नंतर त्यांनाच म्हणायला सांगतो. त्या टीका करत नाहीत, त्या गाऊ लागतात. गाता गाता जिथे श्वास पुरत नाही तिथे एखादा शब्द गाळतात, जिथे माझा शब्द पुस्तकी आहे तिथे आपला घालतात, आणि चाल अवघड असली तर ती सरळ करून टाकतात. त्यांनी जिथे जिथे गाणं बदललं त्या सगळ्या जागा मी वहीत उतरवतो. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यासाठी ते आमच्या शेजारच्या माजलगावातही आले होते. तो संग्रह वाचताना एकाच ओवीची किती रूपं दिसतात! प्रत्येक बाईने ऐकलेली ओवी आपल्या घराला, आपल्या श्वासाला बेतून घेतली आहे. न आवडलेला शब्द काढून टाकणं, हाच त्या परंपरेतला अभिप्राय.

तालाचं कारण पखवाजवाला सांगतो. भजनी मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसाला संगणकावर काटेकोर बसवलेला ठेका निर्जीव वाटतो, आणि तो हाताने वाजवून दाखवतो की समेवर येण्याआधी थोडं ओढायचं असतं. त्याला मी मिक्सबद्दल विचारत नाही. ज्याला जे येतं तेच त्याला विचारावं. सगळ्यांना सगळं विचारलं की उत्तरांचा गोंधळ होतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं जातं.

उत्तर मिळालं की ते जसंच्या तसं पाळायचं, असंही नाही. ऐकणारा जागा अचूक दाखवतो, उपाय मात्र त्याचा असेलच असं नाही. ‘गाणं लांबलंय’ असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं तर मी लगेच कडवं कापत नाही. आधी पाहतो की त्यांना लांबल्यासारखं कधी वाटलं. पुष्कळदा दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा दोन्ही वेळा तोच असतो. दुसऱ्यांदा तिथे वाद्यं थांबवून नुसत्या टाळ्यांवर आवाज सोडला की तेवढ्याच मिनिटांचं गाणं कुणाला लांब वाटत नाही.

दोन मिक्समधलं बरं कुठलं हे विचारायचं असेल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करावा. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज वाढला की कानाला खालचे आणि वरचे सूर अधिक भरलेले वाटतात. थोडं मोठं वाजणारं मिक्स म्हणूनच चांगलं भासतं. आवाज जुळवून, ‘अ’ आणि ‘ब’ एवढंच नाव देऊन ऐकवलं तर मिळालेली निवड खरी. नाहीतरी शेवटचं मास्टर फार मोठ्या आवाजात केल्याने काही साधत नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीला आणूनच वाजवतं.

हे सगळं झाल्यावर फाइल पाठवायची. तोवर ती व्हॉट्सॲपच्या कुठल्या गटात टाकायची नाही. तिथे आवाज दाबला जाऊन खराब होऊ शकतो, आणि गाणं आपल्याआधी जत्रेत पोचतं. मी शक्यतो समोर बसूनच ऐकवतो. लेबलला २४ बिटची वेव्ह फाइल, आवाजाशिवायचा ट्रॅक, टाइप केलेले शब्द आणि प्रत्येकाचं नाव जातं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. करारावर सही करण्याआधी ते कलम समजून घ्यावं.

नावांची यादी करताना मी सर्वांत जास्त वेळ घेतो. ज्या आराधी बाईने गाताना ओळ बदलली आणि ती ओळ गाण्यात राहिली, तिने दिला तो नुसता अभिप्राय नव्हता, शब्द होते. तिचं नाव गीतकारांमध्ये माझ्या शेजारी लागलं पाहिजे आणि पैसे आले तर तिचा वाटा तिला मिळाला पाहिजे, हे लिहून, तिला वाचून दाखवून, तिची संमती घेऊनच मी पुढे जातो. एखाद्या लेबलला हे अवघड वाटलं तर मी दुसरं लेबल शोधतो. आमच्या भागातल्या माणसांनी ऊस तोडला, साखर दुसऱ्यांच्या नावावर गेली. गाण्याच्या बाबतीत तरी तसं होऊ नये, एवढं माझ्या हातात आहे.