भीमसेन कुठल्या खान्यात?

सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घरात लिप्या किती?

बेळगावला शहापुरात माझ्या मामांकडे अडीचशेच्या आसपास सीडी आहेत. नाट्यसंगीत, अभंग, ख्याल, शिवाय मामींची कन्नड दासवाणी. मामी धारवाडकडच्या. त्यांची निपाणीची नात कन्नड सरसर वाचते, देवनागरी अडखळत. सीडी आता ओरखड्यांवर अडकू लागल्यात. म्हणून लॅपटॉप घेऊन चोर्ला घाट चढलो.

उतरवण्याचं काम सोपं. 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' फुकट मिळतं. सिक्युअर मोडमध्ये ते प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचतं, जुळलं नाही तर परत परत. वेळ लागतो, लागू दे. साठवायचं फ्लॅकमध्ये, आवाजातलं काहीच गाळलं जात नाही. मोबाइलसाठी एमपीथ्री नंतर केव्हाही करता येते.

खरी गंमत नावांची. बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं साठवलेलीच नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांबीवरून इंटरनेटवरच्या कोशात जुळणी शोधतं आणि कुणीतरी हौसेनं रोमनमध्ये टाइप केलेलं आपल्या माथी येतं. एक 'पंडित' लावतो, दुसरा 'पं.', तिसरा काहीच नाही. झाले तीन भीमसेन! त्यात अभंग देवनागरीत आणि दासवाणी कन्नडमध्ये लिहिली की चौथे नि पाचवे. गदगला जन्मलेला, पुण्यात राहिलेला, दोन्ही भाषांत भजनं गाणारा एकच माणूस, आणि यादीत त्याचाही सीमाप्रश्न!

"देवनागरीतच लिही की रे," मामा म्हणाले. मामी काही न बोलता चहा ठेवायला गेल्या.

आम्हा गोंयकारांचं दुखणं आणखी वेगळं. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) लावलं की पडद्यावर वसंतराव देशपांडे दिसतात, संगीत देणारे मंगेशीचे अभिषेकीबुवा गायब. संगीतकाराचा खाना असतो हो, पण भरतो कोण? राग-तालाला तर खानाच नाही. ज्यांनी हे खाने आखले त्यांच्या डोळ्यांसमोर तीन मिनिटांचं पॉप गाणं असावं, असा माझा संशय आहे.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे 'एमपीथ्रीटॅग'. फ्लॅकमध्ये हवा तो नवा खाना उघडता येतो. खान्याचं नाव तेवढं रोमनमध्ये हवं, आतला मजकूर कुठल्याही लिपीत. कलाकार देवनागरीत, 'पं.' काढून. शेजारच्या खान्यात तेच नाव कन्नडमध्ये. राग, ताल, संगीतकार वेगळे. पन्नास फाइली निवडून एका दमात भरता येतात. 'फूबार२०००'ला सगळ्या खान्यांत शोधायला सांगितलं की कुठल्याही लिपीत टाइप करा, भीमसेन एकच! 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड'ही चांगलं आहे, त्याच्या कोशात एका कलाकाराला अनेक भाषांतली नावं जोडता येतात. पण मामांच्या नाटकांच्या सीडी मला तिथे फारशा सापडल्या नाहीत.

मामांच्या घरगुती मैफलींच्याही काही सीडी निघाल्या. स्थळ काय लिहायचं? सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. मामांनी 'बेळगाव'च सांगितलं, मी लिहिलं. कन्नड खान्यात नातीनं आजीला विचारून 'बेळगावी' टाइप केलं. कन्नड माणूस पूर्वीपासून तसंच म्हणतो, त्यामुळे मामांचीही हरकत नव्हती.

एकशे चाळीस सीडी झाल्या. दासवाणीची कन्नड नावं मामी तपासताहेत, चष्मा लावून.